खोर फक्कानला, जोन आंटींच्या मामाला शोधत

दुबईतल्या आमच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या शेजारीण जोन आंटी या महिनाअखेर कायमच्या इंग्लंडला चालल्यात. तिथल्या आपल्या खेड्याचा इतिहास लिहायचं वेड त्यांना आहे. गावच्या चर्चभोवती त्यांचं अख्खं घराणं पुरलंय आणि कोण कुठे, हे त्यांना तोंडपाठ आहे. फक्त एक मामा तिथे नाही. तो खोर फक्कानच्या बंदराच्या कामावर आला, मुसलमान होऊन यूसुफ या नावाने इथेच राहिला आणि घरच्यांनी त्याचं नाव टाकलं. तो गेल्याचंही पुढे उडत उडतच कळलं.

"त्याच्या कबरीचा फोटो मिळाला, तर इतिहासात तोही आपल्या माणसांत येईल," आंटी म्हणाल्या. शनिवारी गाडी काढली.

डोंगरातल्या बोगद्यांचा रस्ता झकास आहे, दीडेक तासात समुद्र दिसतो. वाटेत करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा घ्याच. "दोन दिरहम, म्हणजे पन्नासेक रुपये झाले की," माझ्या नवऱ्याने, मंदारने, मोठ्याने हिशेब केला. इतकी वर्षं इथे काढून ही खोड काही जात नाही.

आंटींच्या पिशवीत मऊ ब्रश होता, दगडावरची अक्षरं साफ करायला. मी बर दुबईच्या बाजारातून झेंडूचा हार आणला होता. आमच्यात कबरच नसते, तेव्हा तिथे काय न्यायचं हे मला कोण सांगणार?

मशिदीबाहेर पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले एक आजोबा बसले होते. इथल्या जुन्या लोकांना हिंदी छान येते. मंदारने "अंग्रेज यूसुफ" म्हणताच ते उठले आणि स्वतः कबरस्तानापर्यंत आले. भिंतीपलीकडे नुसती माती आणि उशाशी साधे दगड. एकावरही नाव नव्हतं.

"इनमें से कौन सी?" मी विचारलं.

"नाम हम नहीं लिखते. अब अल्लाह जाने. और औरतें हमारे यहां अंदर नहीं जातीं, यहीं से सलाम कर लीजिए."

मी आंटींना इंग्रजीत सांगितलं. ब्रश हातात धरून त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मलाच रडू यायला लागलं. हार मी पिशवीतून काढलाच नाही.

"ये उसकी कौन लगती हैं?" आजोबांनी विचारलं.

"बहन की बेटी."

"तो यहां क्यों खड़ी हैं? यूसुफ की बेटी पीछे वाली गली में रहती है. यल्ला, चलिए."

घ्या. आम्ही गेलेल्या माणसाची एवढी चौकशी केली, मागे कोण राहिलंय हे विचारायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

दार यूसुफच्या मुलीने, मरियमने उघडलं. पन्नाशीची, डोळे थेट आंटींसारखे निळे. आजोबांनी अरबीत ओळख करून दिली. मग ती इंग्रजीत म्हणाली, "बाबा दर ईदला म्हणायचे, या वेळी गावाकडून कुणीतरी येईल."

"आम्हाला फार उशीर झाला," आंटी म्हणाल्या, आणि दोघी उंबरठ्यातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

मरियमने जेवल्याशिवाय सोडलं नाही. एका ताटाभोवती बसून मासे-भात इतका झाला की संध्याकाळी समुद्रकाठच्या कॉर्निशवर फक्त चाललो. त्यामुळे तिथल्या हॉटेलांचे भाव मला विचारू नका. तुम्ही गेलात तर हिवाळ्यात जा आणि जुन्या वस्तीत फिरायचं असेल तर अंगभर कपडे घाला.

काल आंटींनी मामाचं पान दाखवायला घरी बोलावलं. त्यांच्या इतिहासात प्रत्येक माणसाच्या नावाखाली तो कुठे पुरलाय ते लिहिलेलं असतं. मामाच्या नावाखाली त्यांनी मरियमच्या घराचा पत्ता लिहिलाय.