टाकी धुतली कशानं?

उद्यमनगरात मुनव्वरचाचांइतका संशयी वेल्डर दुसरा न्हाय. समोरचा जीव तोडून सांगत असू दे, चाचा त्याच्या तोंडाकडं बघतच न्हाईत, हाताकडं बघत्यात. त्यांची बायको सलमाचाची तर म्हणते, "माझी भाकरी बी हुंगून खातोय ह्यो माणूस!" पण तिला बी ठाऊक हाय, बारा वर्षांमागं वेल्डिंग करताना एका 'रिकाम्या' बॅरलनं भडकून चाचांची डावी भुवई नेली, ती परत उगवलीच न्हाय.

त्या सोमवारी दुपारी गडहिंग्लजचा गुंडू आला. बगलेत मोटरसायकलची पेट्रोलची टाकी, बुडाला भोक.

"चाचा, एवढं भोक पितळ मारून बुजवून द्या. गाडी जोडून आजच घरी जायचंय."

"रिकामी हाय?"

"पार कोरडी!"

"धुतली?"

"दोनदा धुतली की! शप्पत!"

चाचांनी गॅसची ज्योत पेटवली आणि थांबले. ह्यो पावणा शपथ कशाला घेतोय? आणि टाकी टेबलावर ठेवून दाराबाहेर का जाऊन उभारलाय? त्यांनी ज्योत विझवली, गॅस पार सिलेंडरपासनं बंद केला, अन् टाकीच्या तोंडाला नाक लावलं. वास. जुना न्हवं, ताजा, पंपावर येतो तसला!

"पावणं, बाहेर का उभारलाईसा?"

"आत रेंज न्हाय वो."

"आणि टाकी धुतली कशानं?"

"पेट्रोलनं! तुमच्या लाईनीत सगळं पेट्रोलनंच धुत्यात न्हवं?"

ह्यात खोटं कायच नव्हतं! गॅरेजात चेन धुवा, कार्बोरेटर धुवा, धुणं म्हंजे पेट्रोलच. माणूस खरं बोलला होता, आणि त्या खऱ्यानंच आज चाचांना उडवलं असतं.

"भिला व्हय चाचा? द्या इकडं, पलीकडच्या शेडात मारून घेतो."

पलीकडचा 'धुतली' एवढंच ऐकणार आणि ज्योत लावणार! त्यांनी टाकी हिसकावली, भोकाला बोट लावलं, नळाखाली धरली आणि आतली पेट्रोलची वाफ बाहेर पडंल असं काठोकाठ पाणी भरलं.

"अवं! गंजंल की!"

"गंजू दे. साबणाच्या गरम पाण्यानं मी धुतो, सुकवतो. परवा या. तवा बी आधी हुंगणार."

"मग आज मी जाऊ कसा?"

"एस्टीनं," चाचा म्हणाले. भोकावरचं बोट त्यांनी काढलंच न्हाय.