आत्या, ऑडिशन आणि नागावचे पोहे

आमच्या घराण्यातून संगीत नाटकाच्या ऑडिशनला गेलेली मी पहिली. घरच्यांचं एकंदर वागणं बघता शेवटचीसुद्धा मीच.

तशी कॉलेजात जाणारीही आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजातून घरी येणाऱ्या प्रत्येक नव्या शब्दाची नाक्यावर गाडी अडवावी तशी तपासणी होते. मी एनएसएसच्या शिबिराला गेले, तेव्हा पोरगी नापास झाली म्हणून तिला रस्ता खणायला पाठवलीय, असं आत्यानं अर्ध्या गावाला सांगितलं होतं. (शिबिरात आम्ही खरोखरच रस्ता खणला होता, त्यामुळे मला ते धड खोडूनही काढता आलं नाही.) आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. रेवसच्या अलीकडे आमचं गाव, तिथे ती शेजारच्याच घरात राहते. पण संशय घ्यायला आमच्याकडे येते. पप्पा बंदरावर ट्रेलर चालवतात. एवढा मोठा ट्रेलर ते कुणालाही न विचारता मागे घेतात, पण घरातला कुठलाही निर्णय आत्याला विचारल्याशिवाय पुढे नेत नाहीत.

नागावच्या हौशी नाट्यमंडळाला नवीन संगीत नाटकासाठी गाणाऱ्या मुली हव्या आहेत, असा निरोप वर्गातल्या मैत्रिणीनं मोबाईलवर पाठवला. मी गावात हळदीला, गणपतीत गाते, पण ते घोळक्यात. एकदा तरी एकटीनं उभं राहून, अंगावर दिवे घेऊन, पेटीच्या साथीनं गावं, अशी माझी फार इच्छा होती. ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, कारण आमच्याकडे इच्छा सांगितली की पहिला प्रश्न येतो, "कशाला?" आणि मला त्या प्रश्नाचं उत्तर पटकन देता येत नाही.

तरी मी धीर करून सांगितलं.

"पैशे किती घेतात?" आत्यानं विचारलं.

"काही नाही."

"मंग देतात किती?"

"तेही नाही."

आत्यानं पप्पांकडे बघितलं. "घेत न्हाय, देत न्हाय. मंग त्यांना पायजे काय?"

ते बघायला आत्या माझ्याबरोबर येणार, असं ठरलं.

अलिबागपर्यंत एसटी आणि पुढे मिनिडोर रिक्षा करून आम्ही नागावला पोचलो. नारळाच्या वाडीत शाळेचा हॉल होता. समोर टेबलामागे ठोसर सर बसले होते. ते निवृत्त शिक्षक. नाटक त्यांचं, पदं त्यांची, आणि बसवणारही तेच. बाजूला पेटीवर निनाद नावाचा एक तरुण. त्याच्या घरचा होमस्टे आहे आणि उरलेल्या वेळात तो पेटी वाजवतो, असं सरांनीच सांगितलं. चष्मा लावलेली एक बाई वेशभूषा सांभाळत होती. भिंतीशी माझ्यासारख्याच आणखी काही मुली बसल्या होत्या. आत्या मागच्या बाकावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. जणू तिथले लोक नाटकाच्या नावाखाली पर्साच जमवत होते.

सरांनी मला नाव विचारलं. गाव विचारलं. शिक्षण विचारलं. घरी कोण कोण असतं ते विचारलं. मग म्हणाले, "या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखव." मी चालले. उंची विचारली, ती मी घाबरून थोडी जास्त सांगितली. नऊवारी नेसता येते का, डोक्यावर पदर टिकतो का, असंही विचारलं. चष्म्याच्या बाईंनी जवळ येऊन माझी वेणी हलकेच ओढली आणि "स्वतःचीच आहे ना?" असं विचारून समोरून एक आणि बाजूनं एक फोटो काढला. मागच्या बाकावर आत्याची पर्स करकरली.

मग गाणं. मी एक पद अगदी पाठ करून गेले होते. पण माझं असं आहे, की भीती वाटली की जे ठरवलेलं असतं ते आत राहतं आणि भलतंच बाहेर पडतं. निनादनं सूर दिला आणि माझ्या तोंडून हळदीचं गाणं बाहेर पडलं. तेसुद्धा नवरीला न्हाऊ घालतानाचं. मी दचकले, पण आता मधेच थांबणार कशी? नवरीला पूर्ण न्हाऊ घालूनच थांबले.

सर खूश झाले. आवाज मोकळा आहे म्हणाले. नायिकेसाठी दोन मुली मनात आहेत, त्यातली एक तू; पुढच्या रविवारी पुन्हा ये, हे पद बसवून आण, मग काय ते कळवतो, असं म्हणून त्यांनी स्वतः लिहिलेलं एक पद माझ्या हातात ठेवलं. मी हवेतच होते. एवढ्यात आतून सगळ्यांसाठी बशा आल्या.

बशांमध्ये कांदेपोहे होते.

आत्यानं बशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग पेटीवाल्याकडे बघितलं. तिनं पोह्यांना हात लावला नाही. परतीच्या मिनिडोरमध्ये ती एक अक्षर बोलली नाही. आत्या गप्प बसते तेव्हा ती विचार करत नसते. तिचा विचार करून झालेला असतो.

घरी पोचल्यावर तिनं पप्पांना आणि आईला समोर बसवलं. मुलीला चालवली, उंची विचारली, केस ओढून बघितले, फोटो काढला, गायला लावलं, पोहे दिले आणि 'कळवतो' म्हणाले. "आता तूच सांग," ती पप्पांना म्हणाली, "माझ्या टायमाला याच्याहून येगळं काय झालं होतं?"

पप्पा विचारात पडले. मी समजावून सांगायला लागले की ऑडिशन अशीच असते, सगळ्याच मुलींना चालवलं, सगळ्यांनाच पोहे दिले. आत्यानं माझ्याकडे फार मायेनं बघितलं.

"बाय, तू शिकलेली हायस. तुला यातलं न्हाय कळायचं."

मुलगा कोण, याचाही तिनं छडा लावला होता. तो पेटीवाला. इतरांनी तोंड भरून बोलावं आणि त्यानं खाली मान घालून बसावं, याचा दुसरा अर्थच होत नव्हता. शिवाय त्यानं दोनदा मान वर करून माझ्याकडे बघितलं होतं. (एकदा मलाही जाणवलं होतं. दुसऱ्यांदा तो बहुधा पंख्याकडे बघत होता.)

पप्पांनी निकाल दिला: आधी या लग्नाचं काय ते स्पष्ट होऊ दे, मग नाटकाचं बघू. पुढच्या रविवारी ते स्वतः येणार होते. म्हणजे माझी नायिका आता एका अशा लग्नावर अडून बसली होती, ज्याची खबर फक्त आमच्या घराला होती.

पप्पांचे एक मित्र नागावला बांधकामांवर जांभ्या दगडाचे चिरे पोचवतात. त्यांना चौकशीला लावलं. त्यांनी तिथल्या चहावाल्याकडून सगळं काढून आणलं: माणसं चांगली, नारळ-सुपारीची वाडी, होमस्टेला शनिवार-रविवार जागा मिळत नाही, मुलगा निर्व्यसनी. एवढी सखोल चौकशी झाली, पण मुलाचं लग्न झालंय का, हे काही त्यांनी विचारलं नाही. मुली बघत फिरणाऱ्या मुलाबद्दल असं कोण विचारतं?

ही माहिती आल्यावर घरातलं वारं फिरलं. आई भाकऱ्या थापता थापता कुणाला तरी सांगावं तसं म्हणाली, "नागाव तसा लांब न्हाय." आत्यानंही, पेटी वाजवणं म्हणजे बसून करायचं काम, उन्हातान्हाचं नाही, हे मान्य केलं. चोरून मुलगी बघितल्याचा राग मात्र कुणाचाच गेला नव्हता. स्थळ चांगलं निघाल्यामुळे उलट तो वाढला. एवढी चांगली माणसं सरळ का विचारत नाहीत? नक्कीच काहीतरी दडवतायत!

आणि इथे मी माझ्याबद्दल सांगायला हवं. सुरुवातीचे दिवस मी सरांचं पद नेमानं म्हटलं. पण घरात उठता-बसता तेच कानावर पडायला लागल्यावर मलाही शंका यायला लागली. सगळ्या मुलींची वेणी ओढली होती का? नीट आठवेना. त्यानं मान वर केली ती पंख्यासाठी, तर पंखा बंद होता की चालू? मला लग्न करायचं नव्हतं, हे नक्की. मला पदवी घ्यायची आहे. पण नकार द्यायचा तर नीट द्यावा, समोरच्याचं मन दुखवू नये, बिचारा पेटी तरी छान वाजवतो, असं वाटून मी मनातल्या मनात एक वाक्य तयार केलं. मग ते आरशासमोर म्हणून बघितलं. मग खाडीच्या बांधावर जाऊन मोठ्यानं म्हटलं. कुठे थांबायचं, कुठे नजर खाली घ्यायची, सगळं बसवलं. पदाला उरलेला वेळ दिला. फारसा उरत नव्हता.

रविवारी आम्ही तिघं निघालो. पप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, आत्यानं ठेवणीतली साडी नेसली होती, आणि पप्पांच्या हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं आमच्या तलावातलं हातभर लांब जिताडं होतं. आमच्या खाडीकाठच्या खारेपाटात मोठ्या माणसाकडे महत्त्वाचं काम असलं की हाच मासा नेतात. आत्याचा आणखी एक हिशेब होता: समोरच्यानं जिताडं घेतलं तर मन साफ, नाकारलं तर मनात पाप.

हॉलमध्ये शिरताच पप्पांनी ते ठोसर सरांसमोर टेबलावर ठेवलं. गोणपाटातून शेपटी बाहेर आली होती. सर खुर्चीसकट मागे सरकले. "अहो, मी शाकाहारी आहे," ते कसेबसे म्हणाले.

आत्यानं पप्पांना कोपर मारलं. आता पुरावा मिळाला होता.

"सर," पप्पा म्हणाले, "मला गोल गोल बोलता येत न्हाय. तुमच्या मनात आमच्या पोरीचं लगीन असंल तर सरळ सांगा. त्याच्यासाठी नाटकाचं नाव कशाला पायजे?"

"लग्न?" सर म्हणाले. "कुणाशी?"

आत्यानं बोट दाखवलं. हॉलमधल्या सगळ्यांनी त्या बोटाच्या दिशेनं बघितलं. निनादचा हात भात्यावरून सुटला आणि पेटीत उरलेली हवा एक लांब, केविलवाणा सूर काढत बाहेर निघून गेली.

मग चष्म्याच्या बाई पुढे आल्या आणि एसटीत विसरलेली छत्री ओळखावी तशा शांतपणे म्हणाल्या, "अहो, हा माझा नवरा आहे."

मी फरशीकडे बघत होते. ती दुभंगेल अशी थोडी आशा होती. पण शाळेचं बांधकाम पक्कं निघालं. वेणी ओढली ती केसांचा टोप लागेल का ते बघायला, फोटो कपड्यांच्या मापासाठी, आणि पोहे म्हणजे सरांच्या घरून दर रविवारी येतातच, हे सगळं बाईंनी समजावून सांगितलं. पप्पा दर वाक्याला थोडे लहान होत गेले.

आत्या मात्र लहान झाली नाही. आठवडाभर ती या लोकांवर आमची मुलगी चोरून बघितल्याबद्दल चिडली होती. आता ती बघितलीच नाही म्हणून चिडली.

"का?" तिनं निनादला विचारलं. "आमच्या पोरीत काय कमी हाय?"

"काहीच कमी नाही," निनाद घाईनं म्हणाला. मग बायकोकडे बघून म्हणाला, "म्हणजे, मी नीट बघितलंच नाही."

बाईंनी गोणपाट उचललं. सर खात नसले तरी आम्ही खातो, म्हणाल्या. आत्याचा पारा तिथे जरा उतरला आणि ती त्यांना जिताड्याचं कालवण कसं करायचं ते सांगायला लागली. पप्पांना मात्र तिथे उभं राहवत नव्हतं. "चल," ते मला म्हणाले, "झाली तेवढी शोभा बास."

मला कळलं की आत्ता गेले तर परत येणार नाही.

"पप्पा, मला गायचंय."

"कशाला?"

"मला आवडतं," मी म्हटलं. "खूप आवडतं."

पप्पा एक खुर्ची ओढून समोर बसले. "गा मंग," म्हणाले.

मी पुढे उभी राहिले. सरांनी मान हलवली. निनादनं सूर दिला आणि सवयीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. पेटीवाल्याला गाणाऱ्याकडे बघावंच लागतं, हे मला माहीत होतं. पण माझ्या तोंडाला माहीत नव्हतं. पदाची पहिली ओळ आत राहिली आणि आठवडाभर बांधावर बसवलेलं ते वाक्य, योग्य जागी थांबत, योग्य जागी नजर खाली घेत, स्वच्छ आवाजात बाहेर आलं:

"तुम्ही चांगले आहात, तुमचं घरही चांगलं आहे, पण मला अजून शिकायचं आहे."

निनादनं बायकोकडे बघितलं. बायकोनं गोणपाटाकडे बघितलं. सर टेबलावर डोकं टेकवून बराच वेळ हसले.

नायिकेचं काम दुसऱ्या मुलीला मिळालं. मला त्यांनी कोरसमध्ये घेतलं. गावात आत्यानं सगळीकडे सांगितलं की नागावचं स्थळ आलं होतं, पण आमच्या पोरीनं मुलाच्या तोंडावर नकार दिला. (पुन्हा तेच. यातला निम्मा भाग खरा असल्यामुळे मला खोडून काढता येत नाही.) या नकारामुळे आमची गावात इतकी इज्जत वाढली की पप्पा आता स्वतः मला तालमीला सोडतात.

कोरसमध्ये आम्ही सगळ्या मिळून गातो. मागच्या रविवारी मी धीर करून सरांना विचारलं, की मला एखादं वाक्य एकटीनं बोलायला मिळेल का. सर म्हणाले, "गा तू हवं तेवढं, बाळ. पण बोलायला लावलं आणि तू आमच्या नायकालाच नकार दिलास, तर नाटक पहिल्या अंकातच संपायचं."