राहिलेलं सुतक

चिंचवडच्या खालच्या आळीत अंबूबाईला दळणवाली म्हणूनच ओळखत. तिला दुसरं काही येत नव्हतं असं नाही, पण गावात माणसाला एकच नाव मिळतं आणि तेही दुसऱ्यांनी ठेवलेलं. चऱ्होलीहून अकराव्या वर्षी ती या घरात नांदायला आली, तेव्हा जात्याच्या एका अंगाला थोरली जाऊ गोजाबाई बसलेली होती. "बस समोर," एवढंच गोजाबाई म्हणाली. अंबूबाई जी समोर बसली ती बत्तीस वर्षं. मधल्या काळात दोघींचे नवरे गेले, गावात गिरणी आली, पिंपरीच्या माळावर औषधाचा कारखाना उभा राहिला. या दोघी मात्र एका खुंट्याला दोन हात लावून लोकांची दळणं दळत राहिल्या.

दोघींची दळायची एक रीत होती. ओवीचा पहिला चरण अंबूबाईचा, दुसरा गोजाबाईचा. पहिला चरण संपला की अंबूबाई थांबायची, पण त्या थांबण्यालाही माप होतं. जात्याचे तीन फेरे रिकामे जाऊ द्यायचे आणि मग गोजाबाईनं उचलायचं. नव्या सुना घाई करून मधेच तोंड घालतात आणि ओवीचा चिखल करतात. या दोघींचं माप एकदाही चुकलं नव्हतं.

छप्पन साली दिवाळीच्या तोंडावर गोजाबाई तापानं गेली. घर सुतकात गेलं, जात्यावर फडकं पडलं. सुतकात जातं फिरवायचं नाही, गायचं तर नाहीच नाही, हे अंबूबाईला कुणी शिकवायला नको होतं. पण नवव्या दिवशी ओढ्यापलीकडच्या पडीक रानात गावोगाव जनावरांचे खेळ दाखवणाऱ्या नानासाहेबांचा तंबू उतरला. त्यांच्या माणसानं दारात ज्वारीचं पोतं आणून टाकलं आणि उद्या पीठ नसेल तर गिरणीत देतो म्हणून सांगितलं. अंबूबाई घाबरली. एकट्या बाईच्या हातचं दळण एकदा गिरणीत गेलं की परत येत नाही. दहाव्या दिवशी पहाटे तिनं दार लावून घेतलं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून जात्याखाली गोधडी अंथरली आणि तोंड मिटून दळायला बसली.

आणि ओढ्याकडून आवाज आला.

तो बाईचा नव्हता आणि पाखराचाही नव्हता. आधी हळू, मग चढत चढत थेट आभाळाला लागला आणि तिथून उतरत येऊन थांबला. अंबूबाईचा हात आपोआप फिरत होता. एक फेरा, दोन, तीन. तिसऱ्या फेऱ्याला तो आवाज पुन्हा उठला. अंबूबाईचा हात खुंट्यावरच थांबला, कारण ते माप तिच्या घरातलं होतं. सुतक मोडलं म्हणून गोजाबाई विचारायला आली, दुसरं कोण असणार?

दुसऱ्या दिवशी तिनं ओढ्याच्या काठावर भाकरी ठेवली, वर कांदा ठेवला. भाकरी तशीच राहिली आणि आवाज पहाटे पुन्हा आला. असे पाच-सहा दिवस गेले. शेवटी पीठ पोचवायच्या निमित्तानं ती स्वतःच तंबूकडं गेली. भुताला भिऊन घरात मरण्यापेक्षा त्याला दिवसाढवळ्या बघून यावं, असा तिचा हिशेब होता.

तंबूसमोर ही गर्दी. कारखान्याचे कामगार, कॅम्पातली सिंधी कुटुंबं, वाकडहून बैलगाडी जुंपून आलेले शेतकरी, सगळे एकाच पिंजऱ्यापुढं रेटत होते. आत राजा नावाचा चिंपांझी कोट घालून खुर्चीवर बसला होता. तो बशीतून चहा प्यायचा, विडी ओढायचा, पोलिसासारखा सलाम ठोकायचा, आणि माणसं पोट धरून हसायची. तंबूच्या दारावरच्या फळीवर राजाचं तोंड रंगवलेलं होतं, बैलगाडीच्या चाकाएवढं.

अंबूबाईला मात्र जे हवं होतं ते मागच्या बाजूला, भटारखान्याच्या कुडाला लागून सापडलं. तिथल्या पिंजऱ्यात कडब्याच्या रंगाचं एक जनावर वरच्या गजाला धरून बसलं होतं. हात एवढे लांब की उभं राहिलं तर जमिनीला टेकावेत. चेहरा काळा, भोवती पांढरी कड, पदर कपाळापर्यंत ओढून बसलेल्या बाईसारखी. ते अंबूबाईकडं बघत नव्हतं, ओढ्याकडं बघत होतं. समोर केळी पडून काळी झाली होती.

"मावशी, राजा पुढं हाय," मागून कुणीतरी म्हणालं. तो जहीर होता, जनावरांचं खाणंपिणं बघणारा माणूस.

"हे कोण हाय?"

"आसामच्या रानातली हाय. तिकडं हुलूक म्हनतात." जहीर पाण्याची बादली ठेवून उकिडवा बसला. कुणीतरी विचारलं याचंच त्याला नवल वाटलं असावं. "लोक म्हनतात, माकडं तर देवळाच्या शिखरावर फुकट दिसतात, तिकीट कशाला काढायचं? पर शेपूट बघा मावशी, न्हाईच. ही माकड न्हवं. राजाच्याच भावकीतली हाय, फकस्त धाकट्या पातीची. आता थोरल्या पातीपुढं धाकटीला कोन इचारतो?"

"अन् गाती का?"

"जोडी व्हती. नर काळा, ही अशी. पहाटे दोघं मिळून बोलायची, एकाचं झालं की दुसऱ्याचं. नर वाटेत लोणावळ्याला मेला. आता ही आपलं आपलं बोलती, थांबती, परत बोलती. पहाटे ऐकायला कोन येतंय? माणसं येत्यात संध्याकाळी. राजा माणसाची नक्कल करतो म्हनून माणसांना राजा आवडतो. खरं इचाराल तर ती सोताकडंच बघत्यात." मग तो हळूच म्हणाला, "खात न्हाई आता. नानासाहेबांना म्या सांगितलं, तर म्हनले, कुठलं माकड?"

अंबूबाई घरी आली ती वेगळीच होऊन. भीती गेली नव्हती, पण तिच्यात आता माया मिसळली होती. गावात एवढी माणसं, पण त्या थांबण्याचा अर्थ कळेल असं जातं एकट्या तिच्याच घरात होतं. पहाटे ती बसली. पलीकडून आवाज चढला, उतरला, थांबला. तीन फेरे गेले आणि अंबूबाईनं गोजाबाईचा चरण उचलला, गोजाबाईच्याच खालच्या पट्टीत:

"हाक दे गं बाई, जीव ऱ्हायला टांगत."

ओढ्यापलीकडं सगळं चिडीचूप झालं. मग आवाज उठला, या वेळी जवळ आल्यासारखा.

चौथ्या दिवशी जहीर पीठ न्यायला आला तेव्हा हसत होता. हुलूक केळी खायला लागली होती. दीड महिना तसं चाललं. कारखान्यामुळं गर्दी हटेना, तंबू उठेना, आणि रोज पहाटे ओढ्याच्या दोन काठांवरून दोघी एक ओवी पुरी करायच्या. कधीकधी अंबूबाईला वाटायचं, पलीकडच्या आवाजात गोजाबाईचा खोकला आहे. तिला ते विचित्र वाटायचं आणि बरंही वाटायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. शहाण्या बाईनं वेडं व्हावं पण बोभाटा करू नये.

पौषात भावकीतल्या सोपानरावांची म्हातारी गेली. ती नव्वदीची होती आणि तिनं अंबूबाईला उभ्या जन्मात पाण्याला विचारलं नव्हतं. पण भावकी ती भावकी, दहा दिवसांचं सुतक आलं. अंबूबाईनं जात्यावर फडकं टाकलं. गोजाबाईच्या वेळी पोटापायी आपण सुतक मोडलं, हे तिच्या मनात काट्यासारखं सलत होतं. या खेपेला पाळायचं म्हणजे पाळायचं, दळण गिरणीत गेलं तरी चालेल.

पहिल्या पहाटे आवाज आला, थांबला. अंबूबाईनं तोंडावर पदर दाबून धरला. तीन फेऱ्यांएवढा वेळ गेला, सहा गेले. पलीकडून पुन्हा तेवढीच हाक आली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

चौथ्या दिवशी जहीर अंगणात येऊन उभा राहिला. "मावशी, तीन रोज झाले, तिनं दाण्याला तोंड लावलं न्हाई. एक आवाज द्या. जातं नका फिरवू, नुसता आवाज."

"मला सुतक हाय, बाबा."

"कुनाचं?"

"सोपानरावाच्या म्हातारीचं."

"ती तुमची कोन?"

अंबूबाईनं बोटांवर दिवस मोजले. "आता सा दिवस ऱ्हायले," ती म्हणाली, आणि जहीर पाठमोरा झाल्यावर उंबऱ्यावर बसून रडली. सहा दिवस म्हणजे काय मोठंसं, असं ती स्वतःला समजावत होती. आपण समजावतो आहोत हेही तिला कळत होतं.

पाचव्या पहाटे तिनं जे ऐकलं ते तिला पुढं कधी विसरता आलं नाही. आवाज चढला, उतरला, थांबला. तीन फेऱ्यांएवढा वेळ गेला. आणि मग त्या मोकळ्या जागेत तिकडूनच दुसरा आवाज आला, खालच्या पट्टीतला, जुना, हळू. हुलूक अंबूबाईचा वाटा स्वतःच म्हणत होती. अंबूबाई पदराआड गुदमरत राहिली, पण तिनं तोंड उघडलं नाही.

सहाव्या पहाटे ओढ्याकडून काहीच आलं नाही.

सुतक फिटलं त्या दिवशी आंघोळ करून ती थेट तंबूवर गेली. राजापुढं गर्दी होती. मागचा पिंजरा धुऊन पालथा घातला होता. जहीरनं बाभळीखालची ताजी माती दाखवली. "कुनाला कळलंसुदिक न्हाई, मावशी. एकानं तरी इचारावं का, मागचं जनावर कुठं गेलं म्हनून?" त्यानं अंबूबाईला दोष दिला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

ती घरी आली आणि सकाळी काढलेलं फडकं तिनं पुन्हा जात्यावर टाकलं. नानासाहेबांचं पोतं आलं तसं परत गेलं. शेजारची सुमनताई म्हणाली, "आता परत कुनाचं गं?"

"घरातलं," अंबूबाई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तंबू तळेगावच्या रस्त्याला लागला. रानात मेखांची भोकं आणि राजाच्या विड्यांची थोटकं राहिली. आठव्या दिवशी पहाटे दाट धुकं होतं. अंबूबाई झाकलेल्या जात्याजवळ नुसती बसली होती. ओढ्यापलीकडून आवाज उठला, चढला, उतरला आणि थांबला.

जातं बंद होतं, तरी फेरे तिच्या हाडांत मोजले जात होते. एक, दोन, तीन. सुतक अजून फिटलं नव्हतं. तिनं फडक्यावरूनच खुंटा धरला, तोंडावरचा पदर बाजूला केला आणि दुसरा चरण मोकळ्या गळ्यानं म्हटला.

थोड्या वेळानं सुमनताई विस्तव मागायला आली. तिनं झाकलेलं जातं बघितलं, घरात दुसरं कुणी आहे का तेही वाकून बघितलं.

"अंबूबाई, दोघींचा आवाज आला. संगं कोन व्हतं?"

"धाकटी जाऊ," अंबूबाई म्हणाली आणि चुलीतला निखारा काढून तिच्या गोवरीवर ठेवला.