पूजेतली जपानी तलवार

आमच्या आजोबांना, म्हणजे आबांना, घरातल्या माणसांपेक्षा तलवार प्यारी होती. मोठ्या लढाईत बर्माच्या जंगलातून त्यांनी ती आणलेली, कुणा मेलेल्या जपानी अफसराची. रहिमतपुरात आमचं घर तिच्यावरूनच ओळखलं जायचं. दर खंडेनवमीला आबा तिला दुधापाण्यानं न्हाऊ घालत, हळदकुंकू वाहत आणि ओलीच म्यानात सारत. पुसली तर पूजा पुसली जाते, म्हणे. बायकांनी शिवायचं नाही. मग प्रवचन सुरू.

"जपान्यानं मरंस्तवर हिला सोडली न्हाई. माणसाची निष्ठा अशी पायजे. एकदा ठरलं म्हंजी ठरलं."

त्या निष्ठेनं जपान्याचं काय भलं झालं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. तो मेला आणि त्याची तलवार आमच्या देव्हाऱ्यापाशी आली, एवढंच मला दिसायचं.

नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. बारावी होऊन मला घरी बसवलेलं. मला सांगलीच्या कॉलेजात जायचं होतं, पण आबांनी आटपाडीचं स्थळ ठरवलं. वडील मान खाली घालून सुपारी कातरत राहिले. दोघांचाही मला संताप यायचा, वडिलांचा जरा जास्तच.

तलवार दाखवता यावी म्हणून पाहुण्यांना मुद्दाम खंडेनवमीलाच बोलावलं. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. आबांनी मूठ ओढली, पातं हलेना. मुलाच्या चुलत्यांनी म्यान धरलं, आबांनी पुन्हा जोर लावला. मूठ उपसून हातात आली आणि आबा मागं आपटले. पातं आतच.

"बाईचा हात लागलाय," आईकडं बघत ते म्हणाले.

आई सासऱ्यापुढं कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "आवं मामंजी, आमाला शिवू दिलीया कवा? तुमीच दरसाल वली कोंबताय. लोखंड हाय ते, गंजणारच की."

पाहुणे चहा तसाच ठेवून उठले. ऐन नवमीला शस्त्र मोडलं, असल्या घरची पोरगी नको, असं त्यांनी दारातच सांगितलं.

संध्याकाळी आबा वडिलांना म्हणाले, "आता हिला कोण करतंय? जाऊ दे जूनला सांगलीला." वडिलांनी लगेच मान डोलावली.

मी गेले, शिकले, नोकरीला लागले. त्या काळात आजोबांनी शिकायला पाठवलं म्हणून लोक आजही मला नशीबवान म्हणतात. मी त्यांना सांगते, त्यांनी मला मोडीत काढलं होतं.