बळवंतराव मुखत्यारांचा कायदा

बळवंतराव मुखत्यार आमच्या आवारात आले की आधी कापसाच्या काट्यावर चढत. एका पारड्यात वजने रचायला लावत आणि दुसऱ्यात स्वतः मांडी घालून बसत. गेल्या खेपेपेक्षा वजन वाढलेले दिसले की हमालाच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "पाहा बाप्पा, कचेरीचं खाणं अंगी लागून राहिलं!" खाणे कचेरीचे नव्हते, आमच्या सेठजींचे होते. पुऱ्या मी वाढायचो, आणि त्यांच्या विनोदाला हसायचोही. दुसऱ्या कुणाला इतके तुच्छ मानून इतके हसून दाखवल्याचे मला आठवत नाही.

अकोल्याला सेठजींचे सरकी काढण्याचे आवार होते आणि मी तिथला मुनीम. अमेरिकेत लढाई पेटली, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला कुणी स्वप्नातही न पाहिलेला भाव आला. कापूस गावोगावाहून येऊन पडे, पण हात मिळेनात. त्यात बडनेऱ्याकडे आगगाडीचा रस्ता बांधणे सुरू झाले. तिथे मजुरी जास्त. आमचा माणूस "घरी जाऊन येतो" म्हणून जाई तो तिकडे खडी फोडताना दिसे. सगळे सेठ हवालदिल झाले, आणि त्यांच्या भीतीवर बळवंतराव गलेलठ्ठ झाले.

सरकारने तेव्हा एक नवा कायदा केला होता. उचल घेऊन काम टाकून गेलेल्या मजुराला साहेबापुढे उभे करता येई. कामावर परत जा, नाहीतर तुरुंगात जा, असा त्याचा मथितार्थ. कायदा इंग्रजीत होता आणि बळवंतरावांना इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते. कचेरीच्या ओसरीवर जे कानावर पडले तेवढेच ते अकोल्यापासून अमरावतीपर्यंत गादीगादीवर जाऊन सांगत, आणि प्रत्येक गादीवर जेवत.

"काहून भेता सेठजी?" ते तक्क्याला रेलून म्हणत. "आतापर्यंत मजूर पळे अन् मालक बोंबले. आता मजूर पळन अन् सरकार त्याले धरून आनन. तुमी फक्त मले आवाज द्या."

सेठजी विचारत, "और हमारी तरफसे कुछ चूक हुई तो?"

"मालकाची चूक असते का कुठं?" बळवंतराव हसत. "हा कायदा मालकाच्या घरचा हाय."

त्या हंगामात किसना आवार सोडून गेला. टांगलेल्या मोठ्या पोत्यात उतरून पायांनी कापूस दाबणारा तो गडी. दिवसभर पोत्याच्या आत, नाकातोंडात तंतू. त्याला खोकला लागला होता. "मुनीमजी, मले उघड्यावरचं काम पायजे," असे तो मला दोनदा सांगून गेला होता. मी सेठजींच्या कानावर घातले नाही. मग तोही बडनेऱ्याला गेला. बळवंतरावांनी त्याच्यावर फिर्याद ठोकली आणि शिपाई त्याला घेऊन आला.

कचेरीत किसना घोंगडे आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊनच उभा होता. तुरुंगात जायच्या तयारीने. घरी बायकोला दिवस गेले होते. त्याने मला पाहिले आणि नजर वळवली. बळवंतराव सेठजींकडे एकदा वळून बघत पुढे झाले. साहेबाने शिरस्तेदाराकडून विचारले, या माणसाला उचल दिली होती काय?

आता इथे आमचा रिवाज सांगायला हवा. दसऱ्याच्या दिवशी हंगामाची माणसे बोडक्या डोक्याने आवारात येत. सेठजी स्वतःच्या हाताने एकेकाला नवे पागोटे बांधत, विडा देत, टोपलीभर ज्वारी देत. एकदा पागोटे बांधले की माणूस होळीपर्यंत त्या आवाराचा. आम्ही यालाच उचल म्हणत असू.

साध्या 'होय'ने काम भागले असते. पण समोर साहेब, मागे सेठजी, आणि बळवंतरावांची जीभ खुशामतीला सरावलेली.

"हुजूर," ते म्हणाले, "दुसरे सेठ मजुराच्या अंगावर रुपया फेकतात. आमच्या सेठजींचं काळीज मोठं. यांनी आपल्या हातानं ह्याले पागोटं बांधलं! विडा देल्ला, पोराबाळांसाठी ज्वारी देल्ली. लेकरासारखं केलं, हुजूर!"

"नगद काही दिले?" शिरस्तेदाराने विचारले.

"एक दमडी नाही!" बळवंतरावांनी छाती पुढे काढली.

साहेब शिरस्तेदाराशी दोन शब्द बोलला. शिरस्तेदार म्हणाला, "कायदा पैशाच्या उचलीचा आहे. पागोट्याचा नाही. फिर्याद खारीज."

किसनाला तेव्हा काही कळले नाही. "म्हंजे म्या कुठं जाऊ?" त्याने विचारले. शिपायाने दरवाजा दाखवला तेव्हा तो घोंगडे सावरत निघून गेला.

मला वाटले, आता बळवंतरावांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मी त्यांना ओळखलेच नव्हते. कचेरीच्या पायऱ्या उतरता उतरता त्यांनी सेठजींचा हात धरला. "पाहलं ना? माहीत नव्हतं ते सरकारनं फुकटात सांगून टाकलं. येत्या दसऱ्याले पागोटं बंद. हातावर रुपया ठेवा, दोन साक्षीदार ठेवा. मंग पाहू कोन जाते ते." त्याच संध्याकाळी हा नवा सल्ला घेऊन ते दुसऱ्या गादीवर जेवायला गेले. स्वतःची फजिती त्यांनी ज्ञान म्हणून विकली, आणि शहाण्यासुरत्या सेठांनी ती विकत घेतली.

दसरा आला. पागोटी आणलीच नव्हती. सेठजींना ते तोंडाने सांगणे जड गेले असावे. ते घरातच बसले आणि रुपये वाटायचे काम माझ्यावर आले. बळवंतराव साक्षीदार म्हणून बाजेवर बसले होते.

माणसे रिवाजाप्रमाणे बोडक्या डोक्याने आली. रांगेत पहिला किसना होता. आगगाडीचे काम पुढे सरकले होते आणि घरी तान्हे मूल होते. त्याने पागोट्यासाठी मान वाकवली. मी त्याच्या हातावर रुपया ठेवला. त्याने रुपया पाहिला, मग बाजेकडे पाहिले. एवढ्या माणसांत कचेरीत जाऊन शिरस्तेदाराचे शब्द ऐकून आलेला तो एकटाच.

"मुनीमजी, पागोटं असन तर बांधा," तो म्हणाला, "ह्या रुपयाले कचेरीचा रस्ता मालूम हाय." रुपया माझ्या हातात परत देऊन तो फाटकाबाहेर गेला.

"जाऊ द्या त्याले," बळवंतराव पान लावता लावता म्हणाले. "बाकीच्याइले कुठं मालूम हाय?"

ते खरे होते. रांग पुढे सरकली. पुढच्या माणसाने माझ्यासमोर मान वाकवली आणि वाट पाहत तशीच ठेवली. "हात पुढे कर," मी त्याला म्हणालो.