तो जिथं थांबला तिथून

"बोलू नको. तोंड बघ."

असं म्हणून मावशी रिमोटचा हात सरळ पुढे करायच्या आणि चित्र थांबवायच्या. मग गुडघ्यांवर हात टेकत उठायच्या आणि टीव्हीला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन उभ्या राहायच्या. पडद्यावर एखादी गोरी म्हातारी अर्धे डोळे मिटून अडकलेली असायची. मावशी तिच्याकडे मिनिटभर निरखून बघायच्या, परत खुर्चीत येऊन बसायच्या आणि निकाल द्यायच्या, "कल्ला लाल हाय." मग सिनेमा पुढे सुरू व्हायचा.

मासळी घेताना तुम्हीही कल्ला उचलून बघितला असेल. आत लाल असला तर मासा ताजा, काळपट असला तर बर्फातला. मावशींचं सिनेमाचं परीक्षण एवढंच होतं. ताजा, नाहीतर बर्फातला. मी त्या काळात परदेशी सिनेमांवर लांबलचक लेख लिहून फेसबुकवर टाकायचे. 'मौनाचा अवकाश' वगैरे शब्द मला फार आवडायचे. वाचणारे माझ्यासारखेच सात-आठ जण, आणि तेही एकमेकांचं कौतुक करण्यापुरते. माझ्या एकूण एक लेखांचं सार मावशी दोन शब्दांत सांगायच्या, आणि बहुतेक वेळा माझ्या उलट सांगायच्या.

मावशी पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या. तीस वर्षं त्या रोज तुळिंजच्या बाजारात मासळी विकायला येत. आमची आई मूळची मालवणची, त्यामुळे माशाच्या बाबतीत ती कुणावर विश्वास ठेवत नसे. या मावशींवर मात्र डोळे झाकून. गुडघे गेले तसं मावशींचं बाजारात येणं बंद झालं. आईनं मला वाळके बोंबील आणायला आणि "बरी आहे का बघून ये" म्हणून त्यांच्या घरी धाडलं. मी दारात उभी राहिले आणि बघतच राहिले. येशूच्या तसबिरीखाली मोठा टीव्ही आणि त्यावर बर्फाळ देशातला एक संथ सिनेमा. तो मी मोठ्या कष्टानं संपवला होता आणि त्यावर दीड पान लिहिलं होतं. खाली इंग्रजी अक्षरं. मावशींना मराठी अक्षरं जुळवून जुळवून वाचता येत, इंग्रजी नाही.

"कळतं का हो मावशी?" मी विचारलं. विचारण्यात थोडा दीडशहाणपणा होता, आता लाज वाटते.

"बोलनं कळत नाय म्हनून तर बघायला मिळतं," त्या म्हणाल्या. "बस. हा बटाटे सोलतोय."

पडद्यावर एक म्हातारा खरंच बटाटे सोलत होता. तो पाच मिनिटं बटाटेच सोलतो. इथे मी मोबाइल बघितला होता, हे मला पक्कं आठवत होतं.

"पयले साल पातल काढत होता," मावशी म्हणाल्या. "आता बघ, जाड काढतोय. अर्धा बटाटा सालीत चाललाय. मन नाय त्याचं. हा बायकोला सोडून जानार."

तो गेला. पंधरा मिनिटांनी, एक शब्द न बोलता, टोपी घालून गेला. मी बोंबील घ्यायचे विसरून घरी आले आणि आईची बोलणी खाल्ली.

मग मी जातच राहिले. दर रविवारी दुपारी. आईला सांगायचे मासळीसाठी, पण मी शिकायला जात होते, हे आज कबूल करते. मावशींना नावं वाचता येत नसत, म्हणून सिनेमांना त्यांची स्वतःची नावं होती. बर्फवाला, दोन भावांवाला, मुक्या पोरीवाला. एकदा मी हौसेनं माझ्या आवडीचा एक सिनेमा लावून दिला. त्यात समुद्राची अशी काही दृश्यं होती की मी श्वास रोखून बघितली होती. मावशींनी शेवटपर्यंत बघितला. "दर्या बरा काढलाय," त्या म्हणाल्या. "मान्सं काढायची राहिली. कालनिर्नयवर बरा दिसंल." मला राग आला. दोन दिवसांनी घरी तोच सिनेमा पुन्हा लावला आणि खरंच, त्यात माणसं नव्हती.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. मावशी स्वतः लावलेला कुठलाही सिनेमा पहिल्यापासून बघत नसत. मधूनच सुरू करायच्या. कधी शेवटची वीस मिनिटं, कधी अधलाच तुकडा. एवढी जाण असलेली बाई असं अर्धवट का बघते? एका रविवारी मी न राहवून विचारलं.

"तो जिथं थांबला तिथनं बघते," मावशी म्हणाल्या.

तो म्हणजे त्यांचा मुलगा. एकुलता एक. मोठ्या मालवाहू बोटीवर इंजिनात कामाला. बापाची इच्छा त्यानं आपली होडी चालवावी अशी होती. त्यावरून दोघांचं वाकडं आलं ते शेवटपर्यंत सरळ झालं नाही. बाप गेला तेव्हा पोरगा भर समुद्रात होता. मातीला पोचू शकला नाही. त्याचा फोन आला तेव्हा मावशींच्या तोंडून निघून गेलं, "बापाला माती द्यायला आला नायस, आता येऊच नको." त्याला तीन वर्षं झाली. तो आला नाही. नाताळला दोन मिनिटं फोन, बास. दोन बोटींच्या मधली सुट्टीही कुठेतरी बाहेरच काढायचा.

"मग तुम्हीच बोलवा ना," मी म्हटलं.

"मी म्हटलं ते म्हटलं," मावशी म्हणाल्या. पाचूबंदरच्या बाईनं तोंडातून काढलेला शब्द परत घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

पण टीव्हीवर सिनेमे दिसत ते त्याच्याच खात्यावर, त्याच्याच नावानं. तो बोटीवर सिनेमा लावायचा, कामाचा भोंगा झाला की अर्धवट सोडायचा. इथे घरी त्या चित्राखाली लाल रेघ दिसायची, जिथवर बघितला तिथवर. मावशींनी ती रेघ ओळखली. रेघ हलली, म्हणजे पोरगा आज जागा आहे, बरा आहे, निवांत बसलाय. चार दिवस हलली नाही, म्हणजे बोट खोल दर्यात. नवरा होडी घेऊन यायचा तेव्हा होडी पाण्यात किती बसलीय ते लांबून बघून किती मासळी आली हे या बायका सांगत. तशाच मावशी त्या रेघेकडे बघायच्या. रेघ मावशींच्या बघण्यानं पुढे सरकायची, ते त्यालाही दिसत असणार. "पासवर्ड बदलला नाय त्यानं," मावशी एवढंच म्हणाल्या.

मग एका रविवारी मी गेले तर मावशी टीव्हीसमोर उभ्याच होत्या. "ये, ये. तोंड बघू नको, रेघ बघ."

त्यांनी मला तीन सिनेमे लावून दाखवले, त्यानं सोडले तिथून; पुढे बघितलेल्यांतही ती जागा त्यांना पाठ होती. बर्फवाल्यात बाप खाटेवर पडलेला आणि खोकतोय. दोन भावांवाल्यात डॉक्टर बापाच्या खोलीतून बाहेर येतो आणि टोपी काढतो. तिसरा डोंगरातल्या मेंढपाळांचा. त्यात सुतार शवपेटीसाठी फळ्यांवर रंधा मारतोय. तिन्ही तिथेच बंद केलेले.

"इथं जरा रेंगाळतातच हे सिनेमे," मी म्हटलं. माझ्या लेखातही मी तसंच लिहिलं होतं. "कंटाळला असेल."

"कंटालला असता तर कुटंपन बंद केला असता," मावशी म्हणाल्या. "बाप मरायला लागला की बंद करतो. तिन्ही टायमाला." त्या खुर्चीत बसल्या. "मना वाटत होतं त्याला बापाचं काय नाय. बघवत नाय गो त्याला."

आणि मावशी रडल्या. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघत होते. पृथ्वीच्या कुठल्या टोकाला एक माणूस बटण दाबून सिनेमा बंद करतो आणि त्याच्या आईला इथे त्याचं काळीज दिसतं. मी आयुष्यात एवढं बारीक काही बघितलं नव्हतं, सिनेमात तर नाहीच.

डोळे पुसून मावशींनी रिमोट घेतला आणि मेंढपाळांचा सिनेमा पुढे चालू केला. पेटी झाली, माती झाली, लोक गेले. मग त्या सिनेमातली आई पोराचा धुतलेला शर्ट अंगणातल्या दोरीवर टाकते. पोरगा कुठे दिसत नाही, नुसता शर्ट. मावशींनी तिथे बंद केला.

"आता कोन हात लावायचा नाय," त्या म्हणाल्या. "लावंल तेवा त्याला हा शर्ट दिसंल."

पुढचा रविवार गेला, रेघ तिथेच. त्याच्या पुढचाही गेला. मावशींनी दोन आठवडे दुसरा सिनेमा लावला नाही. त्याला पहिलं तेच दिसावं म्हणून. मी मनात म्हटलं, काय हा भाबडेपणा. तो दुसरंच काहीतरी लावून बसला असेल.

तिसऱ्या रविवारी मावशींनी मला दारातूनच हाताला धरून आत ओढलं. रेघ हलली होती, पण मागे. शर्टाच्या मागे, लोक जातात त्याच्याही मागे. मावशींनी चालू केलं तर खड्ड्यात शेवटची फावडंभर माती पडत होती.

"चुकून लागलं असेल मावशी," मी म्हटलं. त्यांची निराशा होऊ नये म्हणून म्हटलं.

"चुकून पुढं जाशील," मावशी म्हणाल्या. "मागं कोन जातो? बापाची माती बघितली त्यानं. पूर्न बघितली." आणि लगेच, "नंबर लाव."

मी नंबर लावला. पलीकडे यंत्रांचा आवाज आणि "हां आय?" एवढंच. तीन वर्षांत मावशींनी स्वतःहून केलेला हा पहिला फोन. मला वाटलं आता रडतील, माफी मागतील, रागावतील.

"मेंढरांवाला बघितला," मावशी म्हणाल्या. "ताजा हाय."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ये आता," मावशी म्हणाल्या.

"कधी?" तो म्हणाला.

"सोडतील तेवा ये."

तो दीड महिन्यानं आला. त्या वेळी मी परीक्षेच्या पेपरांत अडकले होते, शाळामास्तरणीला मे महिन्यापर्यंत मान वर करता येत नाही. पावसाच्या तोंडाला मावशी गेल्या. दोन दिवसांचा ताप, बास. मुलगा घरीच होता. त्यानं खांदा दिला, पहिली मूठ त्यानंच टाकली. मी मागे उभी होते आणि रडत होते, आणि तरी मला सारखं वाटत होतं की या बाईनं सगळं वेळेत उरकलं.

पण मावशी म्हटलं की मला तो दिवस आठवत नाही, त्याच्या आधीचा एक आठवतो. पेपर संपवून मी पाचूबंदरला गेले तर दाराला कडी. शेजारीण म्हणाली, "मायलेक चर्चच्या मागं गेलीत." मी तिकडे वळले आणि फाटकाशीच थांबले. मावशी प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या. एवढा थोरला मुलगा पँट दुमडून उकिडवा बसून बापाच्या क्रुसाभोवतीचं गवत उपटत होता.

"तिथं राहिलं," मावशी काठीनं दाखवत होत्या. "तिथं. डोले हायत का नाय?"

"दिसतंय गो आय," तो म्हणाला, आणि सरकून तिथलं उपटायला लागला.