व्हर्नन टिबेट्सचा हातोडा

व्हर्नन टिबेट्सने ओकलंडमध्ये सव्वीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले. लोक बिघडलेला टीव्ही फेकून नवा घ्यायला लागले, तेव्हा दुकानाला कुलूप लागलं. दोन हजार पाच साली, पन्नाशी उलटल्यावर, तो खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत किप लिंडक्विस्टच्या तळघरात कामाला लागला. किप आणि नोरीन अमाया, दोघंही पंचविशीतली. यंत्रवेड्यांसाठी इंटरनेटवर व्हिडिओची वाहिनी काढायची, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. किप बोलायचा, नोरीन कॅमेरा धरायची, व्हर्नन यंत्रं उघडून दाखवायचा. बघणारे जेमतेम चारशे.

एका दुपारी चित्रण चालू असताना प्रिंटरमध्ये व्हर्ननचं बोट चिरडलं. तो असा भडकला, की हातोडा उचलून शिव्या हासडत त्याने प्रिंटरचा भुगा केला. किपने तेवढाच तुकडा टाकला. आठवड्यात दोन लाख लोकांनी पाहिला.

मग दर शुक्रवारी फोडाफोड सुरू झाली. ‘म्हाताऱ्याला काहीतरी मोठं द्या!’ अशी पत्रं यायची. व्हर्ननला ते नकोसं होतं असंही नाही. दुकान गेल्यापासून छातीत कोंडलेलं काहीतरी प्रत्येक घावासरशी सुटायचं.

पुढच्या वर्षी किपने लॅपटॉपच्या डझनभर बॅटऱ्या टेबलावर रचल्या.

“चार्ज केलेल्या आहेत ना? मी लांबून घेते,” नोरीन म्हणाली.

“लांबून काय दिसणार, डोंबल? जवळ जा.”

“किप, बॅटऱ्या आहेत या, अक्रोड नव्हेत,” व्हर्नन म्हणाला.

“टरकलास होय, म्हातारबा?”

व्हर्ननने हातोडा हाणला.

पांढरा जाळ उसळला. नोरीन चेहरा धरून कोसळली, तिची बाही पेटली होती. किपची नजर मात्र तिपाईवरच्या दुसऱ्या कॅमेऱ्याकडे गेली. “तो चालू आहे ना?” त्याने विचारलं.

व्हर्ननने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. मग दुसरा, तिसरा. किपचा जबडा मोडला, दोन दात फरशीवर पडले, व्हर्ननची बोटंही फुटली.

नोरीनचा डावा डोळा गेला. व्हर्ननने कोर्टात मारहाणीचा गुन्हा कबूल केला, चार महिने तुरुंगात काढले. जबडा तारांनी बांधलेला असतानाच किपने तो व्हिडिओ सगळाच्या सगळा टाकला. चाळीस लाख लोकांनी पाहिला. जाहिरातदार धावले, वर्षभरात वाहिनीचे वीस कार्यक्रम झाले, तीन मजली कचेरी झाली.

व्हर्नन सुटल्यावर किप त्याच्या दारात हजर.

“स्टेजवर, हजार लोकांसमोर, तू मला बदडायचंस. खोटं-खोटं. लोक वेडे होतील!”

व्हर्ननची मूठ वळली. त्याने दार लावून घेतलं.

सुटल्यापासून नोरीनला दर बुधवारी दवाखान्यात तोच न्यायचा. त्या बुधवारी तिच्या स्वयंपाकघरात बसून त्याने ही हकिकत सांगितली. ती खूश होईल असं त्याला वाटलं होतं.

“मी पाहिलाय तो व्हिडिओ,” ती म्हणाली. “अकरा सेकंद, व्हर्नन. मी जळत होते आणि तुम्ही त्याला मारत होतात.”

त्याच्या आठवणीत त्याने आधी तिलाच विझवलं होतं.

“तुझ्यासाठीच तर...”

“माझ्यासाठी नव्हतं ते.”

तिने कोट चढवला. डॉक्टरांची वेळ झाली होती. व्हर्ननने गाडीचं पुढचं दार उघडून धरलं. नोरीन मागच्या सीटवर जाऊन बसली.